तीन पावलं पडली, तरी शिट्टी का नाही वाजली?

बास्केटबॉलच्या कोर्टाच्या कडेला थोडा वेळ उभं राहिलात, की एक आरोळी हमखास ऐकू येते. "स्टेप्स! सर, स्टेप्स!" कुणीतरी चेंडू घेऊन रिंगकडे झेपावलेलं असतं. धप्, धप्, धप् अशी तीन पावलं सगळ्यांनी ऐकलेली असतात. चेंडू जाळीतून खाली आलेला असतो आणि पंच शांतपणे दोन बोटं खाली झुकवून दोन गुण दाखवत असतात. समोरचा संघ वैतागतो. नियम दोन पावलांचा आहे ना? मग तिसरं पाऊल पंचांना दिसलं नाही का?

दिसलं. त्यांनी ते मोजलंसुद्धा. फक्त त्यांनी मोजायला सुरुवात एकपासून केली नाही, शून्यापासून केली!

हे शून्य काय प्रकरण आहे ते कळण्यासाठी आपल्याला आधी १८९१ सालच्या डिसेंबरात जावं लागेल. अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचं गाव आहे. तिथे वायएमसीएची एक प्रशिक्षण शाळा होती. बाहेर कडाक्याची थंडी, मैदानावरचे खेळ बंद, आणि व्यायामशाळेत रोज त्याच त्या कवायती करून मुलं पार कंटाळलेली. जेम्स नेस्मिथ नावाचे तिशीतले शिक्षक होते, मूळचे कॅनडाचे. त्यांचे वरिष्ठ ल्यूथर गुलिक यांनी त्यांना सांगितलं, चौदा दिवसांत घरात खेळता येईल असा नवा खेळ शोधून काढा.

नेस्मिथनी त्या वेळचे खेळ एकेक करून डोळ्यांसमोर आणले. अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडू चेंडू बगलेत मारून पळतो आणि बाकीचे त्याला धरून आडवं पाडतात. गवतावर ते ठीक आहे, पण व्यायामशाळेच्या लाकडी जमिनीवर हाडं मोडतील. मग त्यांनी उलटा विचार केला. पाडतात का? कारण तो चेंडू घेऊन पळतो. त्याला पळूच दिलं नाही तर? मग पाडण्याचं कारणच उरत नाही! मला तर वाटतं, रिंग उंचावर टांगण्याच्या कल्पनेपेक्षाही ही कल्पना मोठी आहे. एका छोट्या बंदीने अख्खी मारामारी खेळातून बाहेर गेली.

नेस्मिथनी तेरा नियम लिहिले. त्यातला तिसरा सांगतो, की चेंडू घेऊन पळायचं नाही, जिथे झेलला तिथूनच तो फेकायचा. पण त्याच नियमाला एक शेपूट जोडलेलं आहे. धावता धावता चेंडू झेलणारा खेळाडू थांबायचा प्रयत्न करत असेल, तर त्याला थोडी सवलत द्यावी.

ही सवलत कशासाठी? एसटीने करकचून ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो ना, त्याचसाठी. वेगात असलेली वस्तू वेगातच राहू पाहते. तिला थांबवायला बल लागतं आणि वेळही लागतो. सेकंदाला पाच मीटर वेगाने धावणाऱ्या माणसाला "चेंडू हातात आला, आता जागच्या जागी थांब" असं सांगून उपयोग नाही. त्याचं मन थांबेल, शरीर थांबणार नाही. एखाद-दोन पावलं पडणारच. नेस्मिथना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी जडत्वाला खेळात जागा करून दिली. आज ज्यावरून सगळे भांडतात त्या दोन पावलांचं मूळ त्या शेपटीत आहे.

नेस्मिथच्या तेरा नियमांत चेंडू आपटत पुढे जाण्याचा, म्हणजे ड्रिबलचा, उल्लेखच नाही. पळायची बंदी होती, म्हणून खेळाडूंनीच ती युक्ती शोधून काढली. चेंडू जमिनीवर टाकला की तो क्षणभर कुणाच्याच हातात नसतो. मग "चेंडू घेऊन पळाला" असं म्हणणार कसं? ड्रिबल चालू असताना तुम्ही शंभर पावलं टाका, त्यातलं एकही मोजलं जात नाही. पावलं मोजायची ती चेंडू हातात असताना.

आता आपल्या शून्याकडे या. भारतात आपण ज्या नियमांनी खेळतो ते फिबा या जागतिक संघटनेचे आहेत. १ ऑक्टोबर २०१७ पासून फिबाने हा मुद्दा नियमपुस्तकात स्पष्ट करून टाकला. समजा, एक मुलगी ड्रिबल करत सुसाट निघाली आहे. तिचा उजवा पाय जमिनीवर आहे आणि नेमका तेव्हाच तिने चेंडू दोन्ही हातांत घेतला. तो उजवा पाय मोजायचा का? नाही, कारण चेंडू हातात स्थिरावला तेव्हा तो आधीच जमिनीवर होता. ते शून्य. मग डावा पाय पडला, एक. पुन्हा उजवा पडला, दोन. उडी, शॉट, बास्केट! आपल्या कानांनी तीन वेळा धप् ऐकलं, नियमाने दोन मोजली.

आता तीच मुलगी, तोच वेग, तीच तीन पावलं. फक्त या वेळी चेंडू तिच्या हातात किंचित आधी स्थिरावला, दोन्ही पाय हवेत असताना. मग शून्य नाहीच! पहिलं पडलेलं पाऊल थेट एक, पुढचं दोन आणि तिसरं पडताच शिट्टी. पंच दोन्ही मुठी एकमेकींभोवती गरगर फिरवतात, म्हणजे ट्रॅव्हलिंग. चेंडू समोरच्या संघाला.

गंमत बघा. दोन्ही वेळा पायांनी अगदी सारखंच केलं. फरक पडला तो हातात. म्हणजे ट्रॅव्हलिंग हा दिसायला पायांचा नियम, पण त्याचं घड्याळ हात सुरू करतात. चेंडू दोन्ही हातांचा एकाच वेळी स्पर्श होऊन थांबला, किंवा एका हातावर विसावला, की ड्रिबल संपलं आणि मोजणी सुरू झाली. चेंडू हातात धड बसलाच नाही, नुसता चाचपडला जातोय, निसटतोय, पुन्हा पकडायची धडपड चालू आहे, तर तेवढ्या वेळातली पावलंही मोजली जात नाहीत. ताबाच नाही, तर ट्रॅव्हलिंग कुठलं?

(दोन पावलं मिळतात म्हणून लंगडी घालत जाता येत नाही, बरं का! एकाच पायावर दोनदा लागोपाठ पडलात की चूक. आणि धावता धावता पास झेलून ड्रिबल सुरू करायचं असेल, तर दुसरं पाऊल पडण्याआधी चेंडू हातातून सुटलेला हवा.)

मग प्रश्न असा, की पंच हातांकडे बघतात की पायांकडे?

एक प्रयोग करा. हात समोर सरळ ताठ धरा आणि अंगठा वर करा. अंगठ्याच्या नखाकडे एकटक बघा. आता नजर न हलवता पलीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा आकडा वाचायचा प्रयत्न करा. नाही जमत ना? आपला डोळा अगदी स्पष्ट बघतो तो एवढ्याशा तुकड्यातच, साधारण हात लांब केल्यावर अंगठ्याच्या रुंदीएवढ्या. बाकीचं सगळं धूसर असतं. आपल्याला ते धूसर वाटत नाही, कारण डोळे सतत इकडून तिकडे उड्या मारत असतात आणि मेंदू त्या तुकड्यांचं एक अखंड चित्र जुळवतो. त्या प्रत्येक उडीच्या वेळी मेंदू क्षणभर बघणंच जवळपास बंद ठेवतो, नाहीतर सगळं जग हललेलं दिसलं असतं.

खेळाडूची छाती आणि त्याचे बूट यांत चार फुटांचं अंतर. पंच तीन-चार मीटरवर उभे. हात स्पष्ट पाहिले तर पाय धूसर, पाय पाहिले तर हात धूसर. आणि निर्णय कशाचा करायचा? "हातातली गोष्ट आधी घडली की पायातली?" याचा. सामन्यातल्या सगळ्यात अवघड निर्णयांपैकी हा एक आहे, यात मला शंका नाही. म्हणूनच पंचांना शिकवतात, की खेळाडूने चेंडू घेतला की आधी त्याचा पिव्हट पाय, म्हणजे जागेवर रोवून ठेवायचा पाय, कोणता ते मनाशी पक्कं करा. एकदा तो पाय ठरला, की बाकीचं त्याच्यावरून कळतं.

"आधी काय घडलं" हे ओळखण्यात माणूस किती चुकतो, यावर अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक छान अभ्यास प्रसिद्ध केला. दोन माणसांना जवळजवळ एकाच क्षणी स्पर्श करायला लावायचं आणि विचारायचं, आधी कुणी केला? बहुतेकांना वाटायचं, मीच आधी! आपला स्वतःचा स्पर्श माणसाला सुमारे ५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग, आधी घडल्यासारखा जाणवतो. चेंडू शेवटी कुणाच्या हाताला लागून बाहेर गेला यावरून दोन खेळाडू तावातावाने भांडतात, तेव्हा दोघंही खोटं बोलत नसतात. दोघांच्याही मेंदूने त्यांना वेगवेगळी गोष्ट सांगितलेली असते. तिसरा माणूस लागतो तो यासाठी.

आता पिव्हटबद्दल सांगतो, कारण शाळेच्या सामन्यांत पुष्कळ शिट्ट्या इथेच वाजतात. तुम्ही दोन्ही पाय रोवून उभे आहात आणि पास झेलला. एक पाय उचललात, की दुसरा आपोआप पिव्हट झाला. आता तो खिळ्यासारखा जागेवर राहणार. त्याच्याभोवती हवं तेवढं गोल फिरा. इथपर्यंत सोपं आहे.

पण हा पिव्हट पाय उचलायचा कधी? याची दोन वेगळी उत्तरं आहेत आणि मला ती फार आवडतात. ड्रिबल सुरू करायचं असेल, तर आधी चेंडू हातातून सुटायला हवा आणि मगच पिव्हट पाय उचलायचा. पास किंवा शॉट मारायचा असेल, तर पिव्हट पाय आधी उचलला तरी चालतो, उडी मारली तरी चालते. फक्त कुठलाही पाय पुन्हा जमिनीला लागायच्या आत चेंडू हातातून गेलेला हवा. पाय तोच, उचलणंही तेच, पण पुढे काय करणार यावर ते बरोबर की चूक हे ठरतं.

असं का? नेस्मिथचा विचार आठवा. चेंडू घेऊन पळण्याचा फायदा मिळू नये, एवढंच त्यांना हवं होतं. शॉट किंवा पाससाठी हवेत गेलेल्या खेळाडूला चेंडू सोडावाच लागतो, तो काही हवेत पळू शकत नाही. पण ड्रिबल करणाऱ्याने आधी पाऊल टाकलं आणि मग चेंडू सोडला, तर त्याला फुकटात एक पाऊल मिळालं. बचाव करणारा तेवढ्यानेच मागे पडतो. नवे खेळाडू नेमके इथे फसतात. पळायची घाई असते, आणि पाय हाताच्या आधी निघतो.

उडी मारली आणि शॉट मारायचा विचारच बदलला तर? चेंडू तसाच धरून खाली आलात, की ट्रॅव्हलिंग. पण समजा उडीत असताना समोरच्या खेळाडूने तुमच्या चेंडूवर पंजा घट्ट रोवला आणि तुम्ही दोघं तो चेंडू धरूनच जमिनीवर उतरलात. आता हे ट्रॅव्हलिंग नाही, कारण चेंडू सुटला नाही यात तुमची चूक नाही. चेंडू दोघांचा झाला. फिबाच्या सामन्यात अशा वेळी अधिकाऱ्यांच्या टेबलावरचा बाण ज्या संघाकडे वळलेला असेल, त्याला चेंडू मिळतो. पुढच्या वेळी बाण दुसऱ्या संघाकडे.

पळता पळता घसरून पडलात आणि चेंडू धरूनच जमिनीवर सरकत गेलात, तर तेही नियमात बसतं. पुन्हा जडत्व! पण सरकणं थांबल्यावर चेंडू कवटाळून लोळलात किंवा उठायचा प्रयत्न केलात, की शिट्टी.

आता माझं सगळ्यात लाडकं कोडं. तुम्ही शॉट मारला. चेंडू ना रिंगला लागला, ना बॅकबोर्डला. नुसता हवेतून गेला. तुम्ही धावत जाऊन, तो जमिनीवर पडायच्या आत, स्वतःच झेललात. हे चालेल का?

अमेरिकेच्या एनबीएमध्ये नाही चालत. तिथला नियम सांगतो, की शॉट रिंगला, बॅकबोर्डला किंवा दुसऱ्या कुणा खेळाडूला लागला नसेल, तर मारणाऱ्याने स्वतः त्याला पहिला हात लावायचा नाही. फिबाच्या नियमांत मात्र चालतं, पण एका अटीवर. तो खरोखरचा शॉट असला पाहिजे. स्वतःलाच पास देऊन चार पावलं पुढे जायची ती युक्ती असेल, तर चूक. आणि खरा शॉट होता की नव्हता हे कोण ठरवणार? पंच!

बघा हं, इथे पंचांना हातही मोजायचे नाहीत आणि पायही. त्यांना ओळखायचंय, की फेकताना त्या मुलाच्या मनात काय होतं. तो रिंगकडे बघत होता का? चेंडू रिंगच्या रोखाने गेला का? अंगावर बचाव करणारा आल्यामुळे हात आखडला का? का चेंडू नुसता समोर मोकळ्या जागेत लोटला आणि मागे धावला? नियमपुस्तकात अशा बऱ्याच ठिकाणी "पंचांच्या मते" असं लिहिलेलं असतं. पुष्कळांना ती पळवाट वाटते. मला ती वाटत नाही. हेतू मोजणारी फूटपट्टी अजून कुणी बनवलेली नाही, म्हणून तिथे अनुभवी माणूस उभा केलाय.

"शॉट" म्हणजे काय हे ठरवणं दुसऱ्या एका कारणानेही फार महत्त्वाचं आहे. शॉट मारताना कुणी तुम्हाला फाऊल केलं आणि तरी बास्केट झाली, तर गुण मिळतात आणि वर एक फ्री थ्रो. बास्केट झाली नाही, तर दोन फ्री थ्रो, आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारत असाल तर तीन. पण शॉट सुरू कधी झाला? रिंगकडे धावत जाताना चेंडू हातात स्थिरावला आणि मारण्याची हालचाल चालू झाली, की शॉट सुरू. दोन्ही पाय जमिनीवर परत आले की संपला. कितवं पाऊल चालू होतं याचा इथे संबंध नाही, असं फिबाने मुद्दाम लिहून ठेवलंय. आणि हे ऐका. मारणाऱ्याचा हातच कुणी धरून ठेवला, चेंडू हातातून सुटलाच नाही, तरीही तो शॉट धरला जाऊ शकतो! चेंडू कुठेही गेला नाही, आणि शॉट झाला.

आता शेवटची गोष्ट एका पट्टीची. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. तिच्या खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेजवळ, तुमचा अंगठा आणि बोट थोडं अंतर ठेवून धरा. न सांगता त्याने पट्टी सोडायची आणि तुम्ही पकडायची. बहुतेक जण २० सेंटिमीटरच्या आसपास पकडतात. गुरुत्वाकर्षणाने २० सेंटिमीटर पडायला पट्टीला ०.२ सेकंद लागतात. म्हणजे डोळ्यांनी बघून बोटांनी चिमटायला तुम्हाला तेवढा वेळ लागला.

१५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये न्यूयॉर्क निक्स आणि शिकागो बुल्स यांचा सामना १०६–१०६ असा बरोबरीत होता. घड्याळात उरला होता सेकंदाचा फक्त दहावा भाग. निक्सच्या मार्क जॅक्सनने बाहेरून चेंडू आत फेकला. ट्रेंट टकरने तो झेलला, वळला, उडी घेतली आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारला. बास्केट! निक्स १०९–१०६ ने जिंकले. बुल्सनी तक्रार केली, पण निकाल बदलला नाही.

आता पट्टीवर हिशोब करा. ०.१ सेकंदात पट्टी पडते जेमतेम ५ सेंटिमीटर. पट्टी ५ सेंटिमीटर सरकते तेवढ्यात एक माणूस चेंडू झेलतो, वळतो, उडी मारतो आणि फेकतो? घड्याळाचं बटण दाबणाराही माणूसच होता. चेंडूला हात लागलेला त्याने बघायचा आणि मग बटण दाबायचं, यातच तुमच्यासारखा त्याचाही ०.२ सेकंद जाणार.

एनबीएने पुढच्याच मोसमात नियम केला आणि आज फिबाच्या पुस्तकातही तो आहे. झेलून शॉट मारायचा असेल, तर घड्याळात किमान ०.३ सेकंद उरलेले हवेत. ०.२ किंवा ०.१ उरले असतील, तर झेलायचं नाही, हवेतच चेंडूला टपली मारून किंवा थेट रिंगमध्ये दाबून बास्केट करायची. ०.३ सेकंदात पट्टी किती पडते, माहीत आहे? ४४ सेंटिमीटर. तुमची शाळेची पट्टी पुरायची नाही. मोठी पट्टी मिळाली, की करून बघा.